पिशवीभोवतीची कातडी का सोलते, आणि ती बरी कशी करायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत ऑपरेशन होतं, टाके निघतात आणि पेशंट घरी जातो. कुणी जतला, कुणी आटपाडीला, कुणी विट्याला, कुणी सीमेपलीकडे अथणीकडे. पोटावर स्टोमा, म्हणजे मळ किंवा लघवी बाहेर यायला पोटावर केलेलं तोंड, आणि त्यावर पिशवी. वॉर्डात पिशवी नर्स बदलते. घरी गेल्यावर ते काम बायकोवर, सुनेवर नाहीतर पेशंटवरच येतं आणि पहिली तक्रार बहुतेक वेळा कातडीची असते. स्टोमा नर्स म्हणून मला जे सतत विचारलं जातं, ते इथे जवळपास विचारणाऱ्यांच्याच शब्दांत दिलंय. उत्तरांत माझी मतं आहेत. तुमच्या सर्जननी तुमचं पोट बघून काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

सिस्टर, पिशवीखाली लई आग होतीया. कुठलं मलम लावू?

मलम राहू द्या. आधी प्लेट, म्हणजे पिशवीची कातडीला चिकटणारी चकती, काढा.

आग किंवा चुरचुर सुरू झाली म्हणजे बहुतेक वेळा प्लेटखाली मळ शिरलेला असतो. अशा वेळी लोक वरून चिकटपट्टी लावतात, कडेला कापूस दाबतात आणि उद्या बघू म्हणतात. त्यानं गळती थांबत नाही, नुसती दिसेनाशी होते. मळ आतच कोंडतो आणि रात्रभरात कातडी सोलवटते. रात्रीचे अकरा वाजलेले असोत की पाहुणे बसलेले असोत, आग झाली की प्लेट काढायची, कोमट पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं आणि नवी लावायची. "कालच तर बदलली होती" हे कारण चालत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींत बहुतेक सगळ्यांचं मूळ गळतीत किंवा चुकलेल्या मापात निघतं. त्वचारोग त्यात क्वचितच असतो. गळती थांबली की नुसती लाल झालेली कातडी काही दिवसांत आपोआप निवते. गळती तशीच राहिली तर जगातलं कुठलंही मलम तिला बरं करत नाही.

पण कातडी खराब होते कशानं? आतून इन्फेक्शन आहे का?

बहुतेकांना नसतं. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं असेल, म्हणजे आयलिओस्टोमी असेल, तर येणारा मळ पातळ असतो आणि त्यात अन्न पचवणारे रस असतात. अन्नातली प्रथिनं तोडणं हेच त्या रसांचं काम. कातडीही प्रथिनांचीच असल्यामुळे ते तिलाही सोडत नाहीत. काही तासांत कातडी लालभडक होते, मग ओलसर होते, मग लस येऊ लागते. मोठ्या आतड्याच्या स्टोमाचा, म्हणजे कोलोस्टोमीचा मळ घट्ट असतो. त्याचा त्रास कमी, पण तोही दिवसभर कातडीवर बसला तर कातडी बिघडतेच. लघवीच्या पिशवीची गोष्ट थोडी निराळी आहे, ती खाली सांगितली आहे.

आयलिओस्टोमीचं तोंड पोटापासून साधारण दोन-अडीच सेंटिमीटर वर ठेवतात, तेही याचसाठी. पूर्वी ते पोटाला सपाट असायचं आणि पेशंटची कातडी अक्षरशः जळायची. १९५२ मध्ये ब्रायन ब्रुक या इंग्लंडमधल्या सर्जननं आतड्याचं टोक उलटं दुमडून शिवायची पद्धत सांगितली. त्यामुळे मळ कातडीवर न सांडता थेट पिशवीत पडतो. आजही सर्जन तेच करतात. ज्यांचा स्टोमा सपाट राहिला किंवा आत ओढला गेला, त्यांना गळतीचा त्रास जास्त होतो. त्यात पेशंटची काही चूक नसते.

काढलेली प्लेट बघा म्हणता. तिच्यात काय बघायचं?

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच. प्लेट केरात टाकण्याआधी उलटी करून उजेडात धरा. काढायच्या आधीच पेनानं तिच्या वरच्या बाजूला एक बाण करून ठेवा, म्हणजे कुठली बाजू वर होती ते नंतर कळतं.

नीट बसलेल्या प्लेटची मागची बाजू कोरडी आणि फिकट तपकिरी असते. भोकाच्या कडेला मात्र ओल धरून थोडी पांढरट, फुगीर पट्टी तयार होते. ती पट्टी बारीक असेल तर काळजी नको. प्लेट आपलं काम करते आहे. ती रुंद होत होत जवळजवळ बोटभर झाली असेल, प्लेट लिबलिबीत होऊन विरघळायला लागली असेल, तर तुम्ही बदलायला उशीर करताय. चार दिवसांऐवजी तीन दिवसांनी बदला.

मग मळाचा माग बघा. भोकापासून बाहेर निघालेला तपकिरी ओघळ कुठल्या दिशेला गेलाय? आम्ही घड्याळाचे आकडे वापरतो. ओघळ बारा वाजता, तीन वाजता की सहा वाजता? तो सहा वाजता, म्हणजे खालच्या बाजूला असेल तर बहुधा बसल्यावर तिथं पोटाला घडी पडते. बेंबीच्या दिशेला असेल तर तिकडे खळगा आहे. ऑपरेशनच्या व्रणाकडे असेल तर व्रणाची खाच भरून काढायला हवी. सगळीकडून सारखाच माग असेल तर भोक मोठं कापलंय.

आता पोटावरचा लाल डाग आणि प्लेटवरचा ओघळ जुळवून बघा. दोन्ही एकाच जागी असतील तर कारण गळतीच. पण प्लेटची मागची बाजू स्वच्छ, कोरडी आहे आणि कातडी मात्र लाल आहे, असं दिसलं तर कारण दुसरं शोधायला लागतं. एक तर प्लेट ओरबाडून काढली जाते, नाहीतर प्लेटच्या घटकांची ॲलर्जी आहे किंवा बुरशी आहे.

प्लेटचा फोटो काढून पाठवलात तरी मला निम्मं कळतं. नुसत्या पोटाच्या फोटोवरून तेवढं कळत नाही.

झोपून बघितलं तर सगळं सपाट दिसतंय. मग गळतंय कुठून?

झोपून बघू नका. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मामा यायचे. प्लेट लावली की दुपारपर्यंत सहा वाजता गळायचीच. कॉटवर झोपवलं की पोट एकदम गुळगुळीत. शेवटी त्यांना पाटावर बसवलं आणि बागेत बसून घड विरळायला वाकतात तसं वाकायला सांगितलं, तेव्हा स्टोमाच्या बरोबर खाली बोट जाईल एवढी घडी दिसली. ती घडी भरायला मऊ रिंगचा, म्हणजे प्लेटखाली बसवायच्या चिकट कड्याचा तुकडा लावला आणि वर बेल्ट दिला, तेवढ्यावर काम झालं.

म्हणून आरशासमोर उभं राहून, खुर्चीवर बसून, मांडी घालून आणि पुढे वाकून, असं चारही तऱ्हेनं बघा. खळगा किंवा घडी दिसली तर रिंग उपयोगी पडते. स्टोमा सपाट किंवा आत गेलेला असेल तर कन्व्हेक्स, म्हणजे मधे फुगीर असलेली प्लेट लागते. ती आजूबाजूची कातडी दाबून स्टोमा वर आणते. ती मात्र स्वतःच्या मनानं विकत घेऊ नका. चुकीच्या पोटावर तिचा दाब पडून जखम होते. स्टोमाशेजारी पोट फुगून आलं असेल, खोकताना गोळा येत असेल, तर तो हर्निया असू शकतो. तिथं कडक प्लेट अजिबात नको, सर्जनला दाखवा.

भोक किती मोठं कापायचं?

स्टोमापेक्षा दोन ते तीन मिलिमीटर मोठं. त्याहून मोठं कापलं तर मधली कातडी उघडी राहते आणि मळात भिजते. त्याहून लहान कापलं तर कडा स्टोमाला कापते आणि मळ प्लेटखाली ढकलला जातो.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो. दवाखान्यातून सुटताना दिलेला कागदी नमुना बरेच जण वर्षानुवर्षं वापरतात आणि मग "आधी काही नव्हतं, आता का होतंय" म्हणून येतात. सुरुवातीचे दोन महिने दर आठवड्याला माप घ्या. नंतर वजन वाढलं किंवा उतरलं की पुन्हा घ्या. प्लेटच्या खोक्यात गोल भोकांचं मापपत्र असतं, पण स्टोमा लांबट असेल तर ते कामाचं नाही. वहीच्या पारदर्शक प्लास्टिक कव्हरचा तुकडा स्टोमावर धरून पेनानं कडा गिरवा, कापा आणि तो नमुना ठेवा. कापायला वाकड्या टोकाची कात्री बरी. कापल्यावर कडेवरून बोट फिरवून टोचणारी टोकं गुळगुळीत करा.

पेस्ट भरपूर लावली तर जास्त घट्ट बसेल का?

नाही. पेस्टचं काम सुताराच्या लांबीसारखं, फट भरण्यापुरतं. ती डिंक नाही. थापून लावली तर प्लेट उलट लवकर सुटते. शिवाय बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीवर लावलीत तर डोळ्यातून पाणी येईल. सोललेलं असेल तेव्हा बिनअल्कोहोलची रिंग किंवा पट्टी वापरा.

कातडी ओली हाय, लस येतीया. नवी प्लेट धरतच न्हाई. मग?

इथे बहुतेक घरं हात टेकतात, म्हणून सावकाश सांगते.

आधी सगळं सामान हाताशी घ्या. कापून ठेवलेली प्लेट, पिशवी, स्टोमा पावडर, बॅरिअर फिल्मचा (कातडीवर सुकून पातळ संरक्षक थर होतो तिचा) बिनअल्कोहोलचा वाइप किंवा स्प्रे, मऊ सुती कापडाचे तुकडे, कचऱ्याची पिशवी. आयलिओस्टोमी असेल तर सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी बसा, त्या वेळी मळ सगळ्यात कमी येतो. तरी मधेच आलाच तर पुसायला स्टोमावर एक कापडाची घडी धरून ठेवा.

कोमट पाण्यानं धुवा, घासू नका. मऊ कापड टेकवून टेकवून टिपा. पंख्यासमोर दोन-तीन मिनिटं बसा. केस वाळवायचा ड्रायर असेल तर त्याची थंड हवा चालते, गरम नको. मग ओलसर भागावर स्टोमा पावडर भुरभुरा. ती ओल शोषून चिकटून बसते, कोरड्या भागावरची जादा पावडर कापडानं झटकून टाका. जादा पावडर राहिली की प्लेट तिच्यावर बसते, कातडीवर नाही, आणि सुटते. त्या पावडरीवर बॅरिअर फिल्म टेकवा किंवा मारा आणि पूर्ण सुकू द्या. पुन्हा पावडर, पुन्हा झटकणं, पुन्हा फिल्म. असे दोन-तीन थर झाले की एक कोरडी खपली तयार होते आणि तिच्यावर प्लेट धरते. फिल्म परवडत नसेल तर ओल्या बोटानं पावडरीवर हलकं टिपूनही थर बसतो, फक्त सुकायला वेळ लागतो.

प्लेट लावायच्या आधी थोडा वेळ दोन्ही तळव्यांत धरून कोमट करा. लावल्यावर आतल्या कडेपासून बाहेर बोटानं दाबत या आणि वर तळहात ठेवून पाचेक मिनिटं शांत बसा. प्लेटमधला चिकट थर अंगाच्या उबेनंच नीट धरतो. एवढं करून लगेच उठून भांडी घासायला गेलात तर मेहनत पाण्यात.

कातडी बरी झाली की पावडर बंद करा. बऱ्या कातडीवर पावडर लावायची गरज नसते.

ही पावडर परदेशी आहे का? आमच्याकडे पूर्वी असलं काही नव्हतं.

गंमत अशी की या सगळ्याच्या मुळाशी आपल्याच रानातलं झाड आहे. कांडोळाचा डिंक, म्हणजे कराया गम, ओल शोषतो आणि कातडीला चिकटतो हे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रूपर्ट टर्नबुल या सर्जनच्या ध्यानात आलं आणि स्टोमाभोवती तो वापरायला सुरुवात झाली. पुढे त्यांनी नॉर्मा गिल या स्वतः आयलिओस्टोमी झालेल्या बाईंना १९५८ मध्ये पेशंटना शिकवायला नेमलं. आमच्या नर्सिंगच्या या शाखेची सुरुवात तिथून झाली. आता प्लेटमध्ये बहुतेक जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोजचं मिश्रण असतं. म्हणून रानातला डिंक आणून घरी कुटू नका, तो स्वच्छ केलेला नसतो.

हळद लावू का? आमची तर घरची हाय.

सांगलीत हा प्रश्न येणारच. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण स्टोमाशेजारी नको. दळलेली हळद निर्जंतुक नसते, तिची बारीक कणी सोललेल्या कातडीला घासते, काहींना तिचीही ॲलर्जी येते आणि मुख्य म्हणजे तिच्यावर प्लेट धरत नाही. पिवळ्या रंगाखाली कातडी किती लाल आहे तेही दिसत नाही. खोबरेल, एरंडेल, तूप, कोरफडीचा गर, घामोळ्याची पावडर, बेबी पावडर या सगळ्यांना माझं हेच उत्तर. तेलकट झालेल्या कातडीवर प्लेट टिकत नाही, प्लेट टिकली नाही की गळती, आणि गळती म्हणजे पुन्हा आग. हळद दुधात घाला.

साबण, डेटॉल, स्पिरिट?

डेटॉल आणि स्पिरिट कधीच नाही. साबण लागत नाही. वापरलाच तर साधा, बिनवासाचा, बिनतेलाचा घ्या आणि पूर्ण धुऊन टाका. लहान मुलांचे ओले वाइप्सही टाळा, त्यांत तेलकट अंश असतो.

मेडिकलवाल्यानं एक क्रीम दिलं. दोन दिवस बरं वाटलं, आता जास्तच झालंय.

खोक्यावरची नावं वाचा. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या बऱ्याच क्रीममध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक अशी तिन्ही एकत्र असतात. स्टिरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवस दबते म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. खाली बुरशी असेल तर ती मात्र निवांत पसरते, आणि क्रीम लांबलं तर कातडी पातळ होऊन नुसत्या प्लेट काढण्यानंही फाटते. वर क्रीमच्या थरावर प्लेटही बसत नाही.

मला या क्रीमांचा राग आहे, हे लपवत नाही. स्टिरॉइडची गरज कधीकधी खरंच पडते. तेव्हा डॉक्टर तेलकट नसलेलं लोशन किंवा स्प्रे देतात, तेही थोडे दिवस. बुरशीसाठीही पावडर मिळते. काउंटरवर "पिशवीजवळ खाज येतीया" एवढंच सांगून मिळालेलं काहीही लावू नका.

खाज येते आणि बारीक पुळ्या आहेत. हे काय आहे?

तीन शक्यता आहेत, आणि बघून बऱ्यापैकी ओळखता येतात.

बुरशी असेल तर लालभडक चट्टा असतो, त्याच्या कडेला सुट्या बारीक पुळ्या विखुरलेल्या असतात आणि खाज फार येते. पावसाळ्यात, घामानं, साखर वाढलेली असताना किंवा अँटिबायोटिक चालू असताना ती येते. डायबेटिस असेल तर साखर तपासून घ्या, नाहीतर पावडर लावूनही ती पुन्हा येत राहील.

केसांच्या मुळांशी पुळ्या असतील, प्रत्येक पुळीच्या मधे एक केस, तर ती केसतोड. पुरुषांना जास्त होते. रोज वस्तरा फिरवणं थांबवा. केस कात्रीनं किंवा ट्रिमरनं आखूड करा, मुळापासून ओढू नका.

आणि लाली जर प्लेटच्या किंवा तिच्या चिकटपट्टीच्या आकाराची, रेघ मारल्यासारखी असेल, तर ॲलर्जी. कंपनी बदलली, नवा वाइप किंवा पेस्ट आणली, त्यानंतर सुरू झालं का ते आठवा. नवा प्रकार वापरायच्या आधी त्याचा छोटा तुकडा पोटाच्या दुसऱ्या बाजूला दोन दिवस लावून बघा. मात्र खऱ्या ॲलर्जीपेक्षा ॲलर्जीचा संशयच जास्त असतो. कंपनी बदलण्याआधी माप घ्या.

प्लेट काढताना कातडीच निघून येतीया.

ओढू नका. एका हातानं कातडी खाली दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं प्लेट वरच्या कडेपासून हळूहळू सोडवायची. कडेला कोमट ओलं कापड धरलं की ती सैल होते. चिकटपणा काढणारे सिलिकॉनचे स्प्रे मिळतात, वयस्कर माणसांच्या पातळ कातडीला आणि केमो चालू असलेल्यांना ते घ्यावेत असं मी सांगते. ते वापरल्यावर जागा पाण्यानं धुवा. चिकट उरलेलं पूर्ण खरवडून काढायचा हट्ट नको, थोडं राहिलं तर राहू द्या.

किती दिवसांनी बदलायची? महाग पडतं ओ.

गळत नसेल तर साधारण तीन-चार दिवसांनी. काहींची प्लेट आठवडाभरही छान टिकते, काहींना एक दिवसाआड बदलायला लागते. पिशवी तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की रिकामी करा. गच्च भरू दिली की तिच्या वजनानं प्लेट ओढली जाते.

पैशाचं खरं आहे, आणि मी "रोज नवी लावा" असं म्हणणाऱ्यांतली नाही. प्लेट आणि पिशवी वेगवेगळी असलेला प्रकार घेतलात तर पिशवी धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येते. प्लेट मात्र एकदा निघाली की परत लावायची नाही. ती सुटते आणि दुसऱ्या दिवशी पावडर, फिल्म, रिंग असा जास्तीचा खर्च येतो. जिथं बचत करायची नाही ती जागा म्हणजे गळणारी प्लेट. आणि एकदम मोठा साठा घेऊ नका, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत. स्टोमा आकसला की आधीच कापलेलं भोक असलेल्या प्लेटा वाया जातात.

नऊवारी नेसायची का? करदोड्याचं काय?

नेसा की. फक्त गाठ कुठं येते ते बघा. विट्याकडच्या एक आजी आल्या, स्टोमा अगदी छान, प्लेट बरोबर, तरी एका बाजूला आडवी लाल रेघ. परकराची नाडी रोज तिथंच आवळत होत्या. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घातलं, गाठ दुसऱ्या बाजूला नेली आणि रेघ गेली. करदोडा स्टोमावरून जात असेल तर सैल करा किंवा काढून ठेवा. पुरुषांच्या पँटच्या पट्ट्याचंही तसंच.

ऑपरेशन ठरवून होणार असेल तर आदल्या दिवशीच सर्जनना किंवा नर्सला सांगा, "मी साडी इथं नेसते, लेंगा इथं बांधतो." बसून, उभं राहून, वाकून बघून पोटावर जागेची खूण करता येते. तेवढ्यानं पुढचा बराच त्रास वाचतो.

उन्हाळ्यात घामानं प्लेट सुटते.

एप्रिल-मेत इकडे पारा चाळिशीला टेकतो, मग उसात किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्याची प्लेट तीन दिवस टिकेल ही अपेक्षाच धरू नका. त्या महिन्यांत दोन दिवसांनी बदला. पिशवीचं प्लास्टिक कातडीला चिकटून घामोळं येतं, म्हणून पातळ सुती कापडाची खोळ शिवून घ्या. सामान पत्र्याच्या खोलीत, मोटारसायकलच्या डिकीत किंवा फ्रिजमध्ये नको. उष्णतेनं प्लेटचा थर वितळून वाकडा होतो.

आंघोळ प्लेटसह करा नाहीतर प्लेट काढून करा, दोन्ही चालतं. पाणी स्टोमात शिरत नाही.

जेवणाचा कातडीशी काही संबंध?

आहे, एवढाच की मळ जितका पातळ तितकी गळती जास्त. आयलिओस्टोमीतून दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर येतो. त्याच्या दुप्पट किंवा जास्त येऊ लागला, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली तर ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरना कळवा. मऊ भात, केळं, साबुदाणा यांनी मळ थोडा घट्ट होतो. सुरुवातीला शेंगदाणे, मका, सुकं खोबरं जपून, आणि चावून चावून. भडंग सोडवत नाही हे मला माहीत आहे. दोन महिने थांबा.

माझी लघवीची पिशवी आहे. कातडीवर करड्या, खरखरीत गाठी आल्यात.

लघवीत कातडी सतत भिजत राहिली की ती जाड, पांढरट-करडी आणि चामखिळीसारखी होते. हात लावला तरी दुखते, कधी रक्त येतं. लघवी अल्कधर्मी झाली की त्यावर बारीक खडेही साचतात. इथेही कारण भोक मोठं असणं हेच. माप कमी करा, पाणी भरपूर प्या, रात्री मोठ्या पिशवीला नळी जोडा म्हणजे लघवी मागं येऊन साचत नाही. खडे असतील तर पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरची पट्टी ठेवतात, पण सोललेल्या कातडीवर ती झोंबते. प्रमाण नर्सला विचारूनच करा.

स्टोमातून रक्त आलं. घाबरायचं का?

पुसताना दोन थेंब आले तर नाही. स्टोमाला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो आणि दुखल्याची जाणीव नसते. ओलं कापड पाच मिनिटं दाबून धरा. न थांबणारं, किंवा आतून मळाबरोबर येणारं रक्त असेल तर दवाखाना गाठा. लिव्हरचा आजार असलेल्यांनी तर थांबूच नये.

महापुरात काय करायचं?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ नंतर हा प्रश्न कृष्णाकाठचे लोक मला पावसाळ्याच्या तोंडावर विचारतात, आणि बरोबर विचारतात. आधीच कापलेल्या प्लेटा, पिशव्या, पावडर, पिशवीचं तोंड बंद करायची क्लिप, मापाचा नमुना आणि दवाखान्याचे कागद एका घट्ट झाकणाच्या डब्यात दाराजवळ ठेवा. दोन आठवडे पुरेल एवढं. निवारा केंद्रात स्वच्छ पाणी नसलं तर बाटलीतलं पाणी कातडी धुवायला वापरा, पुराचं पाणी नको.

लगेच दवाखान्यात कधी जायचं? आणि काय घेऊन जायचं?

स्टोमा जांभळा-काळा पडला. आयलिओस्टोमीतून चार-सहा तास काहीच आलं नाही आणि पोटात मुरडा, उलटी आहे. ताप आहे आणि लाली पसरत चाललीय. किंवा स्टोमाशेजारी जांभळट कडांची, खूप दुखणारी, झपाट्यानं खोल होणारी जखम झालीय. ही शेवटची गळतीची नसते. आतड्याच्या दाहाचा आजार असलेल्यांना होणारा पायोडर्मा असू शकतो. तो कापून किंवा खरवडून वाढतो, म्हणून गावात कुणाकडून साफ करून घेऊ नका. बाकी साध्या लालीला वर सांगितलेलं सगळं करूनही आठ-दहा दिवसांत उतार नसेल तर दाखवा.

येताना शेवटची काढलेली प्लेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, लाज वाटू देऊ नका. लावलेलं प्रत्येक क्रीम खोक्यासकट आणा. जो माणूस घरी पिशवी बदलतो त्यालाच बरोबर घ्या, गाडी चालवणाऱ्या भाच्याला दाखवून उपयोग नसतो. आणि एक नवी प्लेट, एक पिशवी जवळ ठेवा. तुमच्या मापाचं सामान दर वेळी दवाखान्यात असतंच असं नाही, आणि जुनी काढल्याशिवाय मला काही दिसत नाही.